राव-मिर्झांचं मधलं शीड

मी हैदराबादेत बोटींची शिडं शिवायचो, असं सांगितलं की नांदेडकडचे पाहुणे आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग माझ्या बायकोच्या. समुद्र कुठे आणि हैदराबाद कुठे! मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत तर माझा धंदा ऐकून समोरच्या मंडळींनी ‘म्हणजे सध्या काही करत नाहीत’ असाच अर्थ घेतला होता. तेव्हापासून बायको, आमच्या सुमनबाई, ‘टेलरिंगच्या लाइनीत आहेत’ असं सांगू लागल्या. तेही काही खोटं नव्हतं.

समुद्र नसला तरी आमच्याकडे हुसेनसागर आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तळ्यावर उतरतो आणि महिना-दोन महिने असा वाहतो की किनाऱ्यावरच्या माणसालाही दंगा सुचावा. पाण्याचा वास सोसायची तयारी असेल तर शिडाच्या बोटीसाठी याहून चांगली जागा नाही. तळ्याकाठी एका बोटक्लबाची पत्र्याची शेड होती. विद्यानगरहून सायकलने, पुढे स्कूटरने रोज तिथे जायचं आणि कापड कापायचं, शिवायचं, उसवायचं, पुन्हा शिवायचं, हीच माझी नोकरी. माझे वडील नामपल्लीच्या प्रदर्शनाच्या मैदानावर तंबू शिवायचे. जाड सुई, मेण लावलेला दोरा आणि सुई ढकलायला तळहातावर बांधायचा चामड्याचा पट्टा, ही इस्टेट मला त्यांच्याकडून मिळाली.

तंबू आणि शीड दिसायला एकाच घरचे, पण स्वभाव वेगळे. तंबू सपाट ताणायचा असतो. शिडाला मात्र पोट ठेवावं लागतं. पट्टे थोडे गोलाई देऊन जोडायचे, म्हणजे वारा भरला की कापड फुगतं आणि त्या फुगवट्यावर बोट ओढली जाते. पोट कमी पडलं तर बोट आळसावते, जास्त झालं तर कलंडते. सुरुवातीच्या काळात कोठीच्या एका पुस्तकविक्रेत्याने दुकानापुढच्या छपरासाठी माझ्याकडून कापड शिवून नेलं. हाताला शिडाची सवय, त्यामुळे मी नकळत त्याला थोडंसं पोट दिलं. पहिल्याच वावटळीत छप्पर दोन्ही बांबूंसकट उठलं आणि समोरच्या दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसलं. पुस्तकवाले शिव्या देत आले खरे, पण जाताना म्हणाले, ‘‘मियाँ, दुकान बोट होती तो पूना पहुँच जाते.’’ माझ्या कामाचं इतकं मनापासून कौतुक नंतर फार कमी लोकांनी केलं.

पण आज मला सांगायचंय ते राव आणि मिर्झा यांच्या मधल्या शिडाबद्दल.

शेषगिरी राव मूळचे काकीनाड्याचे, म्हणजे समुद्राकाठचे. मिर्झा साब पुराण्या शहरातले, सात पिढ्या हैदराबादी. दोघांनी विद्यापीठात एकत्र इंजिनिअरिंग केलं, दोघे एकाच सरकारी खात्यात लागले, कालवे आणि बंधारे बांधत राहिले. रावांना समुद्राची ओढ होती आणि मिर्झांना रावांची संगत आवडायची. त्या नादात दोघांनी रावांच्या अंगणात एक बोट बांधली. नकाशा समुद्रात चालणाऱ्या बोटीचा, आणि चालवायची तळ्यात! क्लबातले लोक हसायचे. तीन-तीन शिडं होती तिला. डोलकाठीच्या मागे मोठं शीड, अगदी पुढे टोकाला एक, आणि या दोन्हींच्या मध्ये एक लहान, मजबूत शीड. त्याला इंग्रजीत स्टेसेल म्हणतात. आमच्या शेडमध्ये त्याला ‘बीचवाला’ म्हणायचे. वारा माजला की बाकीची शिडं उतरवून याच्या जिवावर घरी यायचं असतं.

हे मधलं शीड मिर्झांचं होतं. ते एका तिरप्या तारेवर पितळी हुकांनी अडकवलेलं असे, पडदा दांडीवर अडकवतात तसं. चढवायला आणि उतरवायला एका माणसाला बोटीच्या पुढच्या टोकाला जावं लागे. राव मागे सुकाणू धरून बसत. त्यांच्या आणि मिर्झांच्या मध्ये शिडांचा पसारा, त्यामुळे रावांना पुढचं काही दिसत नसे. म्हणून दोघांची एक रीत ठरली होती. राव ओरडायचे, ‘‘उतारो!’’ मिर्झा शीड खाली ओढून, दाबून, बांधून झालं की पुढून उत्तर द्यायचे, ‘‘उतर गया!’’ ते कानावर आलं की राव बोट वळवत. आधी नाही. किनाऱ्यावर चहा पिताना मी या दोन हाका इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकल्या की तळ्यावरच्या पक्ष्यांच्या आवाजात त्या धरायला हरकत नाही.

मग राज्याची वाटणी झाली.

वाटणीची आम्हा मराठी माणसांना नवलाई नाही. वडिलांच्या तरुणपणी जुनं हैदराबाद संस्थान भाषेप्रमाणे तीन दिशांना वाटलं गेलं. आमचं गाव एका झटक्यात मुंबईच्या हिश्श्याला गेलं, आणि वडील तंबू शिवत नामपल्लीतच राहिले. ते म्हणायचे, ‘‘मी कुठंच गेलो न्हाई बाबा, गावच उठून गेलं.’’ म्हणून तेलंगण वेगळं झालं तेव्हा आनंदाच्या मिरवणुका पाहताना मला आनंदही झाला आणि वडिलांचं ते वाक्यही आठवलं. कचेऱ्यांतून कपाटं, गाड्या, खुर्च्या यांच्यावर चिठ्ठ्या लागत होत्या, ही इकडची, ती तिकडची. माणसांच्या बाबतीत तर चिठ्ठ्या दिसतही नव्हत्या. राव मूळचे आंध्राचे, त्यांची नेमणूक तिकडे. मिर्झा इकडे. रावांची बायको आधीच वारली होती, मुलगा परदेशात. नोकरी संपल्यावर काकीनाड्याच्या वडिलांच्या घरात राहायचं त्यांनी ठरवलं.

बोटीची वाटणी मिर्झांनी आमच्या शेडपुढच्या बाकावर बसून एका वाक्यात करून टाकली. ‘‘समंदर तुम्हारे हिस्से में आया, तालाब हमारे. बोट समंदर की है. ले जाओ.’’ रावांनी चहाचा कप हातात तसाच धरून ठेवला आणि मिर्झा उगाच माझ्याशी क्रिकेटबद्दल बोलू लागले.

दोन दिवसांनी राव एकटेच शेडमध्ये आले.

‘‘सोनकांबळेगारू, बीचवाला गुंडाळीवर घ्यायचा,’’ ते म्हणाले. इतक्या वर्षांत आमच्या नादाने ते कामापुरतं मराठी बोलत, नावापुढचं ‘गारू’ हे तेलुगू ‘जी’ मात्र सुटलं नव्हतं. ‘‘मागे बसून दोरी ओढली की शीड गोल होऊन बंद. होतं ना असं?’’

होतं. दुकानापुढचा बांबूचा चिकाचा पडदा दोरी ओढली की गुंडाळला जातो, तो उभा कल्पावा. शिडाच्या पुढच्या कडेत पीळ न खाणारा ताठ दोर शिवायचा. खाली डेकवर एक चक्री, वर फिरती कडी. चक्रीभोवतीची दोरी बोटीच्या कडेने मागे सुकाणूपर्यंत आणायची. ती ओढली की चक्री फिरते आणि शीड स्वतःभोवतीच गुंडाळलं जातं. पुढे कोणी जायला नको.

‘‘होतं,’’ मी म्हणालो, ‘‘पण बरंच उसवावं लागेल.’’

‘‘मला तिथे पुढे उभं राहायला कोण आहे?’’ राव म्हणाले. हे त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं की मी मोजपट्टी शोधायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

कामाला लागलो. बाहेरच्यांना वाटतं, चक्री बसवली की झालं. खरं काम शिडात असतं. पोट असलेलं कापड नीट गुंडाळलं जात नाही, मध्ये बोळा होतो. म्हणून पट्टे उसवून शीड सपाट करावं लागतं. राव-मिर्झांचं ते शीड मीच शिवलेलं, आणि त्याचं पोट माझ्या हातून उतरलेल्या सगळ्यांत सुंदर कामांपैकी एक होतं. ते मी स्वतः कात्रीने काढलं. मग कडेला गडद निळ्या कापडाची पट्टी लावली, कारण गुंडाळलेलं शीड दिवसरात्र बाहेरच राहतं आणि उन्हात कापडाचा भुसा होतो. ही पट्टी गुंडाळी कोणत्या बाजूने फिरणार ते बघून लावावी लागते, नाहीतर ती आत जाते आणि ऊन पांढऱ्या कापडालाच खातं. असल्या चुकांनी वाया गेलेली शिडं मी दुरुस्तीला बरीच पाहिली आहेत, मुंबईहून आलेलीसुद्धा. हे लिहिताना थोडं बरं वाटतंय, कबूल करतो.

शेवटी पितळी हुकं काढायला घेतली तेव्हा मिर्झा साब आले. ते दारातच उभे राहिले. माझ्या पायाशी हुकांचा ढीग होता, वापरून वापरून आतून सोन्यासारखी झालेली.

‘‘तो मेरी जगह ये डब्बा?’’ त्यांनी चक्री उचलून हातात फिरवली.

‘‘डब्बा बोले तो… मदत है मिर्झा साब.’’

‘‘अरे, मैं बुरा नै मान रा, मियाँ.’’ ते स्टुलावर बसले. ‘‘अच्छा है. ये चाय नै माँगता, सिगरेट नै पीता. लेकिन एक बात सुनो. पक्का बिठाओ. राव साब को सामने जाना नै आता. एक बार बी नै गए वो. कायकू जाते? मैं था. उधर समंदर है, अकेले रहेंगे. ये डब्बा अटक गया तो?’’

चक्री अडकते. सगळ्या चक्र्या कधी ना कधी अडकतात. मी खाली बघून पुढचं हुक काढायला लागलो आणि त्यांना ते कळलं. तेव्हा मला त्या कामाची भीती वाटली. इतकी वर्षं फाटलेली शिडं नीट करून देत आलो होतो. या वेळी एका माणसाची जागा कापून काढत होतो, आणि दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न होता.

चाचणीच्या दिवशी वारा चांगलाच होता. राव सुकाणूवर, त्यांच्या डावीकडे मिर्झा, उजवीकडे मी. मिर्झांना पाहुणा म्हणून बसवलं होतं, कशालाही हात लावायचा नाही या अटीवर. मांडीवर हात ठेवून ते लग्नातल्या व्याह्यासारखे ताठ बसले होते.

मी रावांना सांगितलं होतं की शीड उघडताना मागची दोरी एकदम सोडू नका, हातातून जरा दाबून सरकू द्या, म्हणजे ती चक्रीवर नीट बसते. ते ‘हो हो’ म्हणाले. पण वारा आला, शीड स्वतःच भर्रकन उघडलं, आणि रावांच्या हातातली दोरी सुटली. शीड मात्र छान बसलं. रावांचा चेहरा असा उजळला की माझं दोरीचं बोलायचं राहूनच गेलं. तळ्याच्या मधल्या बुद्धमूर्तीकडे आम्ही वेगाने निघालो. त्या मूर्तीला मी रोज किनाऱ्यावरून हात जोडतो. इतक्या वेगाने तिच्या जवळ जायची इच्छा मात्र कधी झाली नव्हती.

मूर्तीच्या अलीकडे मधलं शीड बंद करायचं आणि वळायचं, हा दोघांचा नेहमीचा शिरस्ता. राव ओरडले, ‘‘उतारो!’’ आणि दोरी ओढली. थोडी आली, मग ताठ झाली.

‘‘उतर गया!’’ मिर्झा म्हणाले.

मांडीवर हात ठेवून, माझ्यासमोर, रावांच्या शेजारी बसून म्हणाले! वीस-पंचवीस वर्षांची जीभ, ती स्वतःच बोलून गेली. आणि रावांच्या हातांनी ते उत्तर ऐकलं आणि सुकाणू लोटलं. दोघांपैकी कोणीही पुढे पाहिलं नव्हतं.

शीड अर्धंच गुंडाळलं होतं. सैल सुटलेल्या दोरीचे वेढे चक्रीवर एकमेकांखाली रुतून बसले होते. बोट वळली तसा उरलेल्या अर्ध्या शिडात उलट्या बाजूने वारा भरला आणि बोटीचं तोंड सरळ मूर्तीच्या चौथऱ्याकडे ढकललं गेलं. बोट कलली. पाणी आत आलं. मी पुढे जायला उठलो, तर मिर्झांनी माझा शर्ट धरून खाली ओढलं. त्यांचं स्वतःचं अंगही अर्धं उठलेलं होतं. ते मी पाहिलं. गुडघे सरळ झाले होते, एक हात डोलकाठीच्या तारेवर गेला होता. मग ते परत बसले.

‘‘राव साब, तुम जाओ.’’

‘‘मी?’’ राव म्हणाले.

‘‘काकीनाडा में मैं आऊँगा क्या? जाओ! सुकाणू मेरेकू देओ.’’

राव गेले. साठीला टेकलेला तो उंच माणूस लहान मुलासारखा हातापायांवर रांगत पुढे गेला. मिर्झा मागून एकेक गोष्ट सांगत होते. ‘‘नीचे रहो. तार पकडो. सोनकांबळे, शीट ढीली छोडो! राव साब, चक्री के नीचे हाथ डालो, दोरी को पीछे खेंचो. पीछे, अरे पीछे!’’ मी शीट, म्हणजे शिडाची दोरी, सैल सोडली. कापड फडफडून कान फाडू लागलं. चौथऱ्यावरच्या सहलीच्या लोकांनी हात हलवून आमचं स्वागत सुरू केलं. मला तिथे बसून काहीच करता येत नव्हतं.

दोरी एकदम सुटली. मिर्झांनी मागून ओढली, शीड गुंडाळत गेलं, गुंडाळत गेलं, आणि निळ्या पट्टीचा एक सरळ खांब तेवढा राहिला. तरी मिर्झांनी बोट वळवली नाही. ते थांबले. मला वाटलं, हा माणूस घाबरून थिजला.

मग पुढून आवाज आला, फाटका, धापा टाकणारा. ‘‘उतर गया!’’

मिर्झांनी बोट वळवली.

किनाऱ्यावर आल्यावर रावांच्या दोन्ही गुडघ्यांना रक्त होतं आणि ते हसत होते. मिर्झा हसत नव्हते. ‘‘आज से सुनके नक्को मोडना,’’ ते म्हणाले, म्हणजे ऐकून बोट वळवायची नाही. ‘‘देखके मोडना. ऊपर से नीचे तक देखना, फिर मोडना. मैं कुछ बी बोलूँ, ऐतबार नक्को करना.’’ नंतर रोज संध्याकाळी, बोट न्यायला ट्रक येईपर्यंत, ते रावांना बोटीच्या पुढच्या टोकावर पाठवत राहिले. चक्री मुद्दाम अडकवायचे आणि सोडवायला लावायचे. राव तेलुगूत पुटपुटत जायचे. आम्ही शेडमधून बघायचो आणि कोणी चेष्टा करायचं नाही.

बोट ट्रकवरून गेली. हुकं मी धुऊन एका पिशवीत ठेवली होती, दोघांपैकी कोणीच मागितली नाहीत. त्यातली काही आमच्या घरच्या पडद्यांना आहेत. सुमनबाई म्हणतात, इतके जड पडदे सबंध विद्यानगरात नसतील.

निवृत्त झाल्यावर मी काकीनाड्याला गेलो. राव मला स्टेशनवरून थेट धक्क्यावर न्यायला आले होते, काळे झालेले, बारीक झालेले, खुश. माझं शीड मी आधी तपासलं. निळी पट्टी उन्हाने फिकी पडली होती, खालचं पांढरं कापड शाबूत होतं. संध्याकाळी आम्ही दोघे खाडीतून बाहेर गेलो. रावांच्या डावीकडची जागा मोकळीच होती. मी सवयीने उजवीकडेच बसलो.

परत फिरायची वेळ झाली. राव मोठ्याने म्हणाले, ‘‘उतारो!’’ आणि त्यांनी दोरी ओढली. अगदी शिकवल्याप्रमाणे, दाबून, सरकवत. शीड सरळ गुंडाळलं गेलं. मग मान बाहेर काढून त्यांनी पाहिलं, वरपासून खालपर्यंत. सगळं ठीक होतं. पण बोट वळेना. ते सुकाणू धरून समोर बघत राहिले, आणि मला कळलं की हे रोज असंच होत असणार. रोज ते बघतात, आणि मग इतका वेळ थांबतात.

मी म्हणालो, ‘‘उतर गया, राव साब.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बोट वळली.

हैदराबादेत परतल्यावर मिर्झांकडे गेलो. त्यांचे गुडघे आता गेलेत, प्रवास होत नाही. दारातच त्यांनी विचारलं, ‘‘देखके मोडरैं ना?’’

‘‘हौ. देखके मोडरैं. लेकिन मिर्झा साब, देखने के बाद बी रुकते.’’

मिर्झा चहात साखर ढवळू लागले. ‘‘फिर? किसने बोला?’’

‘‘मैं बोला.’’

‘‘जोर से बोले ना?’’ ते म्हणाले. ‘‘उनकू बाएँ कान से कम सुनाई देता.’’